वाळवंटातला सेनानी, रस्त्यावरचा स्वार

छत्रपती संभाजीनगर : रविवारी पहाटे शहर पुरते जागेही झालेले नसते, तेव्हा वेरूळच्या रस्त्यावर जड मोटारसायकलींची संथ धडधड ऐकू येऊ लागते. दौलताबादचा किल्ला मागे टाकून खुलताबादच्या दिशेने चढण चढणाऱ्या या स्वारांना कुठे पोहोचण्याची घाई नसते. वाळूजला १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून दुचाकी हा या शहराच्या रोजीरोटीचा भाग आहे. मात्र लांबट बांध्याची, बुटक्या बैठकीची आणि दमदार इंजिनाची क्रूझर घेणारा माणूस निव्वळ कामावर जाण्यासाठी ती घेत नाही. खर्च जास्त, वजन जास्त, धोकाही कमी नाही. मग या गाडीत असे काय असते, की माणूस तिच्यात जीव गुंतवतो?

या प्रश्नाचे उत्तर एका जगप्रसिद्ध माणसाच्या आयुष्यात सापडते. त्याचे नाव टी. ई. लॉरेन्स. जग त्याला ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखते. १९६२ मध्ये डेव्हिड लीन यांनी त्याच्यावर काढलेला चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. वाळवंट, उंट आणि लढाया यांनी भरलेल्या त्या चित्रपटाची सुरुवात मात्र होते ती एका मोटारसायकलच्या अपघाताने. तो अपघात खरा होता आणि ती मोटारसायकलही.

नाव नसलेला माणूस

थॉमस एडवर्ड लॉरेन्सचा जन्म १६ ऑगस्ट १८८८ रोजी वेल्समधील ट्रेमाडॉग या गावी झाला. त्याच्या वडिलांचे खरे आडनाव चॅपमन. पहिली पत्नी व मुली यांना सोडून ते दुसऱ्या स्त्रीबरोबर राहू लागले आणि दोघांनी लॉरेन्स हे आडनाव धारण केले. म्हणजे ज्या नावाने हा माणूस पुढे जगभर गाजला, ते नावही घरात उसनेच आलेले होते. ऑक्सफर्डमध्ये त्याने इतिहासाचा अभ्यास केला, सीरियातील उत्खननात काम केले आणि तेथेच अरबी भाषेवर प्रभुत्व मिळवले.

पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्ध अरबांनी केलेल्या उठावात त्याने ब्रिटिशांच्या वतीने भाग घेतला. जुलै १९१७ मध्ये अकाबा बंदर अरबांच्या ताब्यात आले. ऑक्टोबर १९१८ मध्ये दमास्कस पडले. तिशीच्या उंबरठ्यावर तो कर्नल झाला होता. परंतु अरबांना दिलेली स्वातंत्र्याची आश्वासने ब्रिटन व फ्रान्स यांनी पाळली नाहीत. त्या आश्वासनांना आपणही साक्षीदार होतो, ही बोचणी त्याच्या मनातून कधीच गेली नाही. इकडे त्याच्या पराक्रमाचे खेळ लंडनच्या रंगमंचावर चित्रफितींसह दाखवले जात होते आणि तिकडे नायकाला स्वतःचे नाव नकोसे झाले होते.

ऑगस्ट १९२२ मध्ये त्याने जे केले, त्याने परिचितांना धक्का बसला. जॉन ह्यूम रॉस या खोट्या नावाने तो ब्रिटिश हवाई दलात अगदी खालच्या पायरीवर भरती झाला. काही महिन्यांत वृत्तपत्रांना सुगावा लागला आणि त्याला काढून टाकण्यात आले. मग मार्च १९२३ मध्ये टी. ई. शॉ या नावाने तो रणगाडा दलात शिपाई झाला. पुढे हेच नाव त्याने कायदेशीररीत्याही स्वीकारले. कर्नलचा शिपाई झालेल्या या माणसाच्या आयुष्यात याच काळात मोटारसायकल आली.

गर्जनेचे पुत्र

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे जॉर्ज ब्रफ हा कारागीर ‘ब्रफ सुपीरियर’ नावाची गाडी बनवत असे. १९१९ ते १९४० या काळात अशा जेमतेम तीन हजार गाड्या तयार झाल्या. मोटारींमध्ये जे स्थान रोल्स रॉइसचे, तेच मोटारसायकलींमध्ये या गाडीचे, अशी तिची ख्याती होती. तिच्या ‘एसएस १००’ या मॉडेलमध्ये सुमारे एक हजार सीसीचे, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात दोन सिलिंडर मांडलेले इंजिन असे. ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर वेगाची हमी कारखाना देत असे. आजच्या व्याख्येनुसार ती क्रूझर नव्हे. पण मोठे दुहेरी इंजिन, लांबचा पल्ला आणि न दमता धावण्याची ताकद पाहता तिचे आजच्या क्रूझरशी नाते सहज लक्षात येते.

लॉरेन्सने १९२२ पासून एकामागून एक अशा सात ब्रफ वापरल्या. आठवी तयार होत असताना तो गेला. आपल्या गाडीला त्याने ‘बोआनेर्गेस’ असे नाव दिले होते. येशूने आपल्या दोन शिष्यांना दिलेल्या या नावाचा अर्थ ‘गर्जनेचे पुत्र’ असा होतो. उत्पादकाच्या नावावरून तो त्यांना पहिला जॉर्ज, दुसरा जॉर्ज असेही म्हणत असे, जणू एखाद्या राजघराण्याची वंशावळच. स्वतःची नावे टाकून देणारा हा माणूस गाडीचे नामकरण मात्र हौसेने करत होता.

रणगाडा दलाच्या बोव्हिंग्टन छावणीत त्याची मनःस्थिती खालावली होती. युद्धाच्या आठवणी, बराकीतील कोलाहल आणि निद्रानाश यांनी तो ग्रासला होता. मन अनावर झाले की रात्री गाडी बाहेर काढायची आणि खराब रस्त्यांवरून तासन्‌तास भरधाव सोडायची, हा त्याचा उपाय होता. जिवाला धोका असल्याशिवाय आपली मरगळ जात नाही, अशा आशयाचे त्याने एका मित्राला लिहिलेही. वेगाचे वेड एखाद्याला का लागते, याचे हे प्रांजळ आणि काहीसे भयावह स्पष्टीकरण आहे.

परंतु ही झाली एक बाजू. १९२५ मध्ये मित्रांच्या खटपटीमुळे त्याला हवाई दलात परत घेण्यात आले आणि लिंकनशायरमधील क्रॅनवेल येथे त्याची नेमणूक झाली. तेथे गाडीशी असलेले त्याचे नाते निवळले. दुपारनंतर मोकळीक मिळाली, की तो दूरच्या गावी जाऊन बराकीतील सोबत्यांसाठी खाण्याचे जिन्नस घेऊन येई. एकदा रस्त्यालगत उडणाऱ्या विमानाबरोबर त्याने लावलेल्या शर्यतीचे वर्णन त्याच्या ‘द मिंट’ या पुस्तकात आहे. हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपण शर्यतीचे गडी नाही, हे पुढे त्यानेच सांगितले. गाडी ताशी शंभर मैल धावू शकत असली, तरी साठाच्या आसपास तिला गुणगुणत ठेवावे, हवा अंगावर घ्यावी आणि मुलूख पाहावा, यात त्याला खरा आनंद वाटे. वेगामुळे बारीकसारीक तपशील सुटतात, पण प्रदेशाचा आकार कळतो, असे त्याचे निरीक्षण होते. चढ-उतार पायाखाली नव्हे, तर अंगाखाली जाणवतात. वेरूळच्या रस्त्यावर पहाटे निघणाऱ्या स्वाराला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. ताकद हाताशी असावी आणि ती पूर्ण वापरण्याची गरज भासू नये, हेच मोठ्या इंजिनाचे सुख असते.

१९२६ पर्यंत पाच गाड्यांवर मिळून त्याचा एक लाख मैलांचा, म्हणजे सुमारे एक लाख साठ हजार किलोमीटरचा प्रवास झाला होता. त्याच वर्षी रस्त्यात अडकलेल्या एका मोटारचालकाला मदत करताना इंजिन सुरू करण्याचा दांडा उलटा फिरला आणि त्याचा उजवा हात मोडला. तशाही स्थितीत, दुसऱ्याकडून किक मारून घेऊन, तो एका हाताने गाडी चालवत छावणीत परतला.

गाडीविना दोन वर्षे

डिसेंबर १९२६ मध्ये तो हिंदुस्थानकडे निघाला. जानेवारी १९२७ पासून कराचीच्या हवाई दल आगारात त्याने इंजिन दुरुस्ती विभागात कारकुनी केली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असे. सिंध वेगळा प्रांत झाला तो १९३६ मध्ये. येथे त्याची बोआनेर्गेस सोबत नव्हती. तो छावणीबाहेर फारसा पडला नाही. वाचन, पत्रलेखन आणि होमरच्या महाकाव्याचा अनुवाद यांत त्याने वेळ घालवला. १९२८ मध्ये वझिरिस्तानातील मिरानशाह येथे त्याची बदली झाली. त्याच सुमारास अफगाणिस्तानात राजे अमानुल्ला यांच्याविरुद्ध बंड उसळले आणि त्यामागे लॉरेन्सचा हात असल्याच्या वावड्या उठल्या. सरकारने जानेवारी १९२९ मध्ये त्याला तातडीने मायदेशी धाडले. मुंबई बंदरातून ‘राजपुताना’ जहाजाने तो निघाला. इंग्लंडमध्ये नवी कोरी ब्रफ त्याची वाट पाहत होती. नाटककार बर्नार्ड शॉ, त्यांच्या पत्नी शार्लट आणि काही मित्रांनी दिलेली ती भेट होती.

भेटीची गरज होती, कारण ही गाडी साध्या वायुसैनिकाच्या पगारात परवडणारी नव्हती. युद्धाच्या आठवणींवरील पुस्तकाची भरघोस कमाई त्याने स्वतःकडे ठेवली नव्हती. फेब्रुवारी १९३५ मध्ये हवाई दलातून निवृत्त होताना त्याच्यापुढे प्रश्न होता, तो गाडीचा कर आणि पेट्रोल यांचा. निरोपाच्या दिवशी ब्रिडलिंग्टन बंदरातून तो निघाला तो चक्क सायकलवर. हौसेची मोठी गाडी बाळगणाऱ्यांना हा हिशेब परका नाही. गाडी घेणे हा पहिला खर्च असतो. तिला जपणे हा कायमचा.

घराजवळचा उतार

डॉर्सेट परगण्यात बोव्हिंग्टन छावणीपासून जवळच ‘क्लाउड्स हिल’ नावाचे त्याचे छोटेसे घर होते. १३ मे १९३५ रोजी सकाळी तो गाडी घेऊन छावणीच्या टपाल कचेरीत गेला. एक पार्सल आणि एक तार पाठवली. परतीचा रस्ता त्याच्या रोजच्या परिचयाचा होता. वाटेत एका खोलगट उतारामुळे समोरचे दिसत नव्हते. तेथे सायकलवर निघालेली दोन मुले अचानक समोर आली. त्यांना वाचवण्यासाठी त्याने गाडी वळवली आणि तो फेकला गेला. वेग फार नव्हता, असे नंतर गाडी तपासणाऱ्यांचे मत पडले. मुले बचावली. लॉरेन्सच्या डोक्याला मात्र जबर मार लागला होता. डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्या काळी ते शर्यतीपलीकडे क्वचितच कोणी वापरत असे.

सहा दिवस तो बेशुद्धावस्थेत होता. १९ मे १९३५ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. लाख मैलांच्या भरधाव प्रवासात वाचलेला माणूस घरापासून हाकेच्या अंतरावर, ओळखीच्या रस्त्यावर गेला. मोरटन गावातील त्याच्या अंत्यविधीस विन्स्टन चर्चिलही उपस्थित होते.

मृत्यूने शिकवलेला धडा

त्याच्या उपचारासाठी बोलावलेल्या डॉक्टरांमध्ये मूळचे ऑस्ट्रेलियाचे तरुण मेंदू शल्यविशारद ह्यू केर्न्स होते. त्यांना काहीच करता आले नाही. पण ही केस ते विसरले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात लष्कराचे निरोपे अंधाऱ्या रस्त्यांवरून मोटारसायकली हाकत होते आणि मरत होते. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार व मागे बसणारे ठार झाल्याचे केर्न्स यांनी १९४१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात मांडले. बहुतेकांचा जीव डोक्याच्या दुखापतीने गेला होता. हेल्मेट घातलेले जखमी त्यांना अवघे सात आढळले आणि ते सातही जगले. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सामान्य नागरिकांसाठी तेथे हा कायदा येण्यास १९७३ साल उजाडले. तोवर केर्न्स यांच्या निधनालाही दोन दशके उलटली होती.

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने हेल्मेट बंधनकारक केले आहे. तरीही केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण देशातील रस्त्यांवर मृत्युमुखी पडले. त्यात १४,३३७ जण मागे बसलेले होते.

लांबच्या सहलीला निघताना आपला स्वार जाकीट, हातमोजे, हेल्मेट असा जामानिमा करून निघतो. तोच स्वार संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात जाताना उघड्या डोक्याने गाडीला किक मारतो, कारण रस्ता घरचा असतो. लॉरेन्सही त्या सकाळी टपाल कचेरीपर्यंतच गेला होता.

मोठ्या गाडीने त्याला काय दिले, हे त्याच्या आयुष्यात स्पष्ट दिसते. पदवी, कीर्ती आणि अपराधीपणा यांचे ओझे मागे टाकून काही तास नुसता माणूस म्हणून जगण्याची मुभा तिने दिली. ते सुख खोटे नव्हते. पहाटे वेरूळकडे निघणाऱ्यांचेही खोटे नाही. फक्त परतीचा, ओळखीचा, शेवटचा अर्धा किलोमीटरही त्याच प्रवासाचा भाग असतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.