धनंजयराव गाडगीळ : बांधावर उतरलेली विद्वत्ता

नाशिकला १९०१ साली जन्मलेल्या धनंजयराव गाडगीळांनी केंब्रिजला अर्थशास्त्राचे अध्ययन केले. १९३० पासून पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक या नात्याने त्यांनी सोवनी, दांडेकर यांसारख्या अभ्यासकांसह प्रत्यक्ष पाहणीची शिस्त रुजवली. पुढे विठ्ठलराव विखे पाटील या शेतकऱ्याच्या खांद्याला खांदा लावून ते प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष झाले. नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष असताना १९६९ मध्ये त्यांनी केंद्रीय साहाय्याच्या वाटपाला लोकसंख्या, मागासलेपण अशा निकषांचे सूत्र दिले. मर्जीची जागा नियमाने घेतली. महाराष्ट्राबाहेर वसलेल्या आपणां मराठी जनांच्या राज्यांनाही त्या न्यायाचा लाभ झाला. १९७१ मध्ये दिल्लीहून परततानाच त्यांचे निधन झाले. विद्या कोणाच्या उपयोगी पडली, हाच तिचा खरा हिशेब होय.