वसईचा दुभाषी संत

भाईंदर स्थानक सोडून लोकल उत्तरेकडे निघाली की काही क्षणांतच ती पुलावर येते. खाली वसईची खाडी, मध्ये पाणजू बेट आणि पलीकडे नायगाव. रोजच्या घाईत या पाण्याकडे पाहण्याची सवड प्रवाशाला नसते. पण याच खाडीच्या मुखाशी, उत्तनजवळच्या चौक येथे, जेथे धारावीचा किल्ला होता त्या उंचवट्यावर उभे राहिले की समोर वसईची तटबंदी दिसते. साधारण साडेचारशे वर्षांपूर्वी त्या वसईतला एक पंधरा वर्षांचा मुलगा जहाजात बसून जपानला गेला. तेथे तो त्या देशाची भाषा शिकला, तेथल्या सर्वसत्ताधीशासमोर दुभाषी म्हणून उभा राहिला आणि अखेर तेथेच वधस्तंभावर गेला. कॅथलिक चर्चने १८६२ मध्ये ज्यांना संतपद दिले, ते गोन्सालो गार्सिया ते हेच.

मीरा-भाईंदरच्या वाचकाला त्यांचे चरित्र जवळचे वाटावे, याला खाडीच्या शेजारापलीकडेही एक कारण आहे. २०११च्या जनगणनेत आठ लाखांहून अधिक लोकसंख्या नोंदवलेल्या या शहरातील बहुसंख्य माणसे कुठून ना कुठून आलेली आहेत. नवी ओळख झाली की दुसराच प्रश्न येतो तो, मूळचे कुठले? गोन्सालो गार्सियांना हा प्रश्न जन्मभर विचारला गेला. मृत्यूनंतर तो अधिकच जोराने विचारला गेला आणि अजूनही त्याचे उत्तर एकमताने दिले जात नाही.

दोन घरांचा मुलगा

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. त्यानंतर सुमारे दोन तपांनी, १५५७च्या आसपास, गोन्सालो यांचा जन्म झाला. जुनी कागदपत्रे त्यांचे नाते वसईजवळच्या आगाशी गावाशी जोडतात. वडील पोर्तुगीज शिपाई होते, आई येथलीच, कोकणची. उत्तर कोकणातील पोर्तुगीज प्रदेशाचे वसई हे मुख्य ठाणे होते. गोऱ्या अंमलदारांचे वाडे, मठ आणि चर्च, बंदरातील व्यापारी आणि भोवतालच्या गावांतील कोळी, आगरी, वाडवळ, कुपारी अशी सारी माणसे या एका नगरीच्या आश्रयाने नांदत होती. मात्र नांदत असली तरी त्यांची पायरी एक नव्हती. पोर्तुगालमध्ये जन्मलेला, पोर्तुगीज आईबापांपोटी येथे जन्मलेला, मिश्र रक्ताचा आणि एतद्देशीय, अशी उतरंड त्या समाजाने मनाशी पक्की बांधलेली होती. गोन्सालो या उतरंडीत मधोमध होते. आईच्या माणसांत ते फिरंग्याचे मूल ठरत, तर बापाच्या माणसांत काळ्या आईचे.

वसईत जेझुइट धर्मगुरूंच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. त्यांतील सेबास्तियांव गोन्साल्विस या धर्मगुरूंची त्यांच्यावर माया जडली. १५७२च्या सुमारास जेझुइटांची तुकडी जपानला निघाली, तेव्हा हा मुलगाही त्यांच्यासोबत गेला. वसई, गोवा, मलाक्का, मकाव आणि जपान ही पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील व्यापाराची वाट होती. ज्या वाटेने कापड, रेशीम आणि चांदी जाई, त्याच वाटेने धर्मप्रसारकही जात.

भाषा हाच आधार

त्या काळच्या जपानमध्ये एकसंध सत्ता नव्हती. सरदारांची आपसांत युद्धे चालली होती. परक्या पाहुण्याला तेथली भाषा येणे ही केवळ सोय नव्हती. कोणापुढे किती वाकायचे, कोणाला कोणत्या आदरार्थी रूपाने संबोधायचे, हे चुकले तर सारेच फिसकटत असे. युरोपातून आलेले अनेक धर्मगुरू वर्षानुवर्षे तेथे राहूनही दुभाष्यावाचून बोलू शकत नव्हते. गोन्सालो यांनी मात्र ही भाषा झपाट्याने आत्मसात केली. लहानपणापासून दोन जगांत वावरलेल्या मुलाला तिसऱ्या जगात शिरणे तुलनेने सोपे गेले असावे. सुमारे आठ वर्षे त्यांनी जेझुइटांचे सहायक आणि धर्मशिक्षक म्हणून काम केले. गावकऱ्यांत, विशेषतः मुलांत, ते लोकप्रिय होते.

त्यांना स्वतः जेझुइट व्हायचे होते. ती इच्छा पुरी झाली नाही. भारतात जन्मलेल्या आणि मिश्र वंशाच्या उमेदवारांना तो संघ त्या काळी सहसा प्रवेश देत नसे. जपानी तरुणांबाबतचे धोरण निराळे होते. १५७९ मध्ये जपानला आलेले संघाचे निरीक्षक आलेस्सांद्रो व्हालिन्यानो यांनी जपानी माणसांच्या बुद्धिमत्तेवर आणि शिस्तीवर विश्वास ठेवून त्यांना संघाची दारे उघडली. भारतीयांविषयी त्यांचे मत इतके अनुकूल नव्हते. म्हणजे ज्यांच्या भाषेत गोन्सालो शिकवत, त्यांना आत जागा होती, पण शिकवणाऱ्याला उंबरठ्यावरच थांबावे लागले.

निराश होऊन ते व्यापारात शिरले. भाषा येत होती, माणसे ओळखीची होती, बंदरांचा व्यवहार ठाऊक होता. व्यापाराला बरकत आली. हाती पैसा आला तरी मन त्यात रमले नाही. व्यापाराच्या निमित्ताने त्यांचा फिलिपिन्समधील मनिलाशी संबंध आला. मनिला ही स्पॅनिश वसाहत होती आणि तेथे फ्रान्सिस्कन संन्यासी कार्य करीत होते. गरिबीचे व्रत पाळणाऱ्या या संघाने त्यांना धर्मबंधू म्हणून स्वीकारले. धर्मबंधू म्हणजे गुरुदीक्षा न घेतलेला संन्यासी. मानाने ही पायरी खालची होती, पण वसईच्या या मुलाला अखेर कोणीतरी आपला म्हटले होते.

हिदेयोशीच्या दरबारात

एव्हाना जपानची सूत्रे तोयोतोमी हिदेयोशी याच्या हाती आली होती. सामान्य शिपायाच्या घरातून वर आलेल्या या सेनानीने सरदारांना नमवून देश एका छत्राखाली आणला होता. १५८७ मध्ये त्याने जेझुइटांना देश सोडण्याचा हुकूम काढला, पण व्यापाराच्या लोभाने त्याची अंमलबजावणी सैल ठेवली. पुढे त्याने फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरकडे निरोप पाठवून मांडलिकत्वाची मागणी केली. गव्हर्नर गोमेस पेरेस दास्मारिन्यास याला वेळ काढायचा होता. १५९३ मध्ये त्याने फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता यांच्या नेतृत्वाखाली वकिलात पाठवली. या वकिलातीला जपानी जाणणारा आणि विश्वासाचा माणूस हवा होता. तो माणूस गोन्सालो गार्सिया होते.

कोरियावरील स्वारीसाठी हिदेयोशीने क्यूशू बेटावर नागोया येथे छावणी केली होती. तेथे ही भेट झाली. एका बाजूला जगाचे मोठे भाग आपले म्हणवणाऱ्या स्पेनच्या राजाचे प्रतिनिधी, दुसऱ्या बाजूला चीन जिंकण्याची स्वप्ने पाहणारा जपानी सत्ताधीश आणि मध्ये अनवाणी संन्याशाच्या वेषातला आगाशीचा माणूस. एकाची मागणी दुसऱ्याला अपमानास्पद वाटू न देता सांगायची आणि दुसऱ्याचा नकार पहिल्याला झोंबू न देता पोहोचवायचा, हे दुभाष्याचे काम होते. भेट निभावली. इतकेच नव्हे, तर या संन्याशांना राजधानी क्योतो येथे राहण्याची परवानगी मिळाली.

क्योतो येथे त्यांनी १५९४ मध्ये मठ आणि चर्च उभारले. पाठोपाठ ओसाका येथेही वस्तीस्थान झाले. कुष्ठरोगी आणि निराधार यांच्यासाठी रुग्णालये काढली. ज्यांच्या जवळ कोणी जात नसे, त्यांच्या जखमा हे परदेशी संन्यासी धूत. बाजारातील खरेदीपासून अधिकाऱ्यांच्या भेटीपर्यंत आणि रुग्णांच्या विचारपुशीपर्यंत बोलणे गोन्सालो यांच्यामार्फत होई.

एका जहाजाची गोष्ट

घात झाला तो दूरवर फुटलेल्या एका जहाजामुळे. मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत वादळात सापडून ऑक्टोबर १५९६ मध्ये जपानच्या तोसा किनाऱ्याला लागले. त्यात मौल्यवान माल होता. हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनी तो जप्त केला. या वादात जहाजावरील एका नाविक अधिकाऱ्याने नकाशा उलगडून स्पेनच्या साम्राज्याचा विस्तार दाखवला आणि आधी धर्मप्रसारक जातात, मागून सैन्य जाते, असे सुचवले, असे सांगितले जाते. हे बोलणे नेमके झाले की नाही, झाले असल्यास कोणी भडकावले, यावर पोर्तुगीज आणि स्पॅनिश पक्षांत पुढे बराच वाद झाला. १५८० पासून दोन्ही देशांचा राजा एक असला, तरी जपानमध्ये पोर्तुगीजांच्या पाठिंब्याचे जेझुइट आणि स्पॅनिशांच्या पाठिंब्याचे फ्रान्सिस्कन यांच्यात चुरस होती. गोन्सालो जन्माने पोर्तुगीज प्रजाजन होते, पण राहत होते स्पॅनिश गोटात.

डिसेंबर १५९६ मध्ये क्योतो आणि ओसाका येथील मठांवर पहारे बसले. जानेवारी १५९७ मध्ये क्योतो येथे कैद्यांच्या डाव्या कानाची पाळी कापण्यात आली आणि त्यांची धिंड काढली गेली. नंतर ऐन हिवाळ्यात त्यांना शेकडो मैल दूर नागासाकीला नेण्यात आले. चोवीस कैदी निघाले होते, वाटेत आणखी दोघांची भर पडून ते सव्वीस झाले. त्यांत वीस जपानी, चार स्पॅनिश, मेक्सिकोचे एक आणि वसईचे एक होते. सर्वांत लहान असलेला लुईस इबाराकी बारा वर्षांचा होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर त्यांना क्रुसांना जखडून भाल्यांनी मारण्यात आले. परंपरा सांगते, की सर्वांत प्रथम क्रुसावर चढवले गेले ते गोन्सालो. तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या आसपास होते.

मृत्यूनंतरचा वाद

१६२७ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सर्व सव्वीस जणांना संतपद दिले. या दोन तारखांच्या मध्ये मूळचे कुठले हा प्रश्न अनपेक्षित ठिकाणी पुन्हा उभा राहिला, तो ब्राझीलमध्ये.

ब्राझील ही पोर्तुगीज वसाहत होती. तेथे गोरे आणि आफ्रिकी यांच्या संबंधातून जन्मलेल्या लोकांना ‘पार्दो’ म्हणत. त्यांना मोठ्या पदांवर आणि प्रतिष्ठित धर्मसंघांत मज्जाव असे. मिश्र रक्ताच्या माणसाला पावित्र्य लाभतच नाही, असा हिणवणारा सूर ऐकावा लागे. या लोकांना वसईचे गोन्सालो सापडले. १७४५ मध्ये रेसिफे येथे पार्दोंनी त्यांची मूर्ती बसवून मोठा उत्सव केला. आईबापांच्या दोन वंशांतून जन्मलेला हा धन्यवादित आपल्यासारखाच आहे, असा त्यांचा दावा होता. तो सर्वांना मान्य नव्हता. तेव्हा फ्रान्सिस्कन धर्मगुरू जाबोआतांव यांनी भूगोल, इतिहास आणि वंशावळ यांचे दाखले देत एक विस्तृत प्रवचन केले आणि गोन्सालो यांचे मिश्रत्व सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. आगाशीच्या एका आईचे रक्त हजारो मैलांवरील माणसांना ताठ मानेने उभे राहण्यासाठी पुराव्यादाखल उपयोगी पडले. जे जेझुइटांच्या दारात अडचण ठरले, तेच रेसिफेत भूषण ठरले.

इकडे मायभूमीत मात्र त्यांचे नाव मागे पडत गेले. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज सत्तेसोबत तिचे वैभवही गेले. चर्च ओस पडले. स्थानिक ख्रिस्ती समाज मात्र गावोगाव टिकून राहिला. आडनावे पोर्तुगीज आणि बोली मराठीची, असे त्याचे रूप उत्तन-डोंगरीपासून आगाशीपर्यंत आजही दिसते. गोन्सालो यांचे नाव वसईत महाविद्यालयाला आहे आणि त्यांचा सणही तेथे साजरा होतो.

तरीही २००८ मध्ये केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांना संतपद मिळाले, तेव्हा काही वृत्तांत त्या पहिल्या भारतीय संत असल्याचे लिहिले गेले. वसईकरांना ते खटकणे साहजिक होते, कारण त्या पहिल्या भारतीय महिला संत होत्या. भारतात जन्मलेल्या गोन्सालो यांना १४६ वर्षे आधीच तो मान मिळाला होता. यावर असा युक्तिवाद केला गेला, की वडील पोर्तुगीज असल्याने त्यांना भारतीय कसे म्हणावे. सोळाव्या शतकात त्यांची आई आड आली होती, एकविसाव्या शतकात वडील आड आले.

नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर १९६२ मध्ये, संतपदाच्या शताब्दीनिमित्त, सव्वीस जणांचे ब्राँझचे पुतळे एका ओळीत उभारण्यात आले. जपानी शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांचे हे काम आहे. तेथे वसईचा माणूस जपानी, स्पॅनिश आणि मेक्सिकन सोबत्यांच्या रांगेत उभा आहे. जन्म वसईचा, बोलणे जपानीतले, व्रत मनिलातले आणि अंत नागासाकीतला, असे हे आयुष्य होते. यांपैकी कोणतेही एक गाव वजा केले तर गोन्सालो गार्सिया उरत नाहीत. खाडीच्या अलीकडे, दोन-तीन गावे मनात घेऊन जगणाऱ्या माणसांच्या या शहराला हा हिशेब समजायला अवघड जाऊ नये.