पेन्शनीला १५८ दिवस कमी

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू घेऊ नये असा नियम तिच्या नियमपुस्तकात कुठेही छापलेला नव्हता. तरीही १८८४ नंतर १९४७ पर्यंत, म्हणजे तब्बल सहा दशके, एकही कृष्णवर्णीय त्या मैदानावर उतरू शकला नाही. क्लबांच्या गोऱ्या मालकांनी आपसात ठरवले आणि ते पाळले. वकिलीच्या धंद्यात असल्याने सांगतो, लिहिलेला अन्यायी कायदा एक वेळ परवडतो. त्याला कोर्टात आव्हान देता येते, त्यातले कलम दाखवता येते. जे लिहिलेलेच नाही त्याच्याविरुद्ध दाद मागायची कुठे? सॅचेल पेज या माणसाचे ऐन तारुण्य आणि अख्खी उमेद या न लिहिलेल्या नियमाने खाल्ली.

त्याचे खरे नाव लेरॉय रॉबर्ट पेज. जन्म ७ जुलै १९०६, अलाबामा राज्यातील मोबिल या बंदराच्या गावी. बाप माळीकाम करी, आई लोकांचे कपडे धुई, घरात पोरांचे लेंढार. लहानपणी तो रेल्वे स्टेशनवर प्रवाशांच्या बॅगा उचलायचा, एका काठीला अनेक बॅगा अडकवून न्यायचा. त्यावरून बॅग या अर्थाचे सॅचेल हे नाव पडले, असे तो सांगे. बॅग चोरताना सापडला म्हणून पडले, असे त्याचा एक बालमित्र सांगे. बाराव्या वर्षी दुकानातल्या खोट्या अंगठ्या चोरल्या आणि शाळा बुडवली म्हणून त्याला माउंट मेग्ज येथील कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात पाठवण्यात आले. चिल्लर चोरीला पाच वर्षे! मात्र तिथेच एका प्रशिक्षकाने त्याला चेंडू फेकण्याची कला शिकवली. १९२३ च्या डिसेंबरात तो सुटला तेव्हा त्याच्या हातात कसब होते.

आपल्या वाचकांना क्रिकेट ठाऊक, म्हणून दोन शब्द बेसबॉलविषयी. चेंडू फेकणाऱ्याला तिथे पिचर म्हणतात. सहा चेंडू झाले की षटक संपले असे तिथे नसते. व्यवस्थापक काढून घेईपर्यंत एकच पिचर फेकत राहतो, आणि एकदा काढला की त्या सामन्यात तो परत येऊ शकत नाही. पहिला पिचर दमला किंवा मार खाऊ लागला की बदली पिचर येतो, तो रिलीफ पिचर. मैदानाच्या कडेला बुलपेन नावाच्या जागेत तो तासन् तास बसून राहतो. सामना अडचणीत येतो तेव्हाच त्याची आठवण होते.

मेजर लीगची दारे बंद असल्याने कृष्णवर्णीयांनी स्वतःची लीग उभारली. रुब फॉस्टर याने १९२० साली कॅन्सस सिटीत निग्रो नॅशनल लीग स्थापन केली. तिथे पेज बर्मिंगहॅम, पिट्सबर्ग, पुढे कॅन्सस सिटी मोनार्क्स अशा संघांतून खेळला. सामने संपले की गावोगाव फिरायचे, मिळेल तिथे खेळायचे. दक्षिणेतल्या गावांत स्टेडियम भरून लोक त्यांचा खेळ पाहत आणि रात्री त्याच खेळाडूंना हॉटेलात खोली मिळत नसे, म्हणून ते बसमध्ये झोपत. ऑक्टोबरपासून गोऱ्या मेजर लीगवाल्यांशी प्रदर्शनीय सामने होत. १९३४ साली डिझी डीन, १९४६ साली बॉब फेलर, अशा नामांकितांशी तो तोडीस तोड खेळला. म्हणजे तो आपल्या बरोबरीचा आहे हे गोऱ्यांना माहीत होते!

पेज काही साधुपुरुष नव्हता. जास्त पैसे मिळाले की करार मोडून दुसऱ्या संघात जाई. १९३७ साली तो डोमिनिकन प्रजासत्ताकात हुकूमशहा त्रुहियो याच्या नावाच्या संघासाठी खेळायला गेला, हे काही अभिमानाने सांगण्यासारखे नाही. पण ज्याला बाजारात खरी किंमतच मिळू दिली जात नाही, तो मिळेल त्याला आपले कसब विकतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. १९३८ मध्ये मेक्सिकोत त्याचा हात इतका दुखावला की खेळ संपला असे सर्वांना वाटले. मोनार्क्सच्या मालकाने त्याला दुय्यम संघात घेतले, हात पुन्हा चालू लागला, आणि १९४२ साली त्या संघाने निग्रो वर्ल्ड सिरीज जिंकली.

१५ एप्रिल १९४७ रोजी मेजर लीगची वर्णरेषा तुटली. ज्याने ती ओलांडली तो जॅकी रॉबिन्सन १९४५ साली मोनार्क्समध्ये पेजचाच सहकारी होता. पहिला मान आपल्याला मिळायला हवा होता, ही सल पेजच्या मनात राहिली. माझ्या मते ती सल रास्त होती. महान फलंदाज जॉश गिब्सन तर त्याआधी तीनच महिने वारला होता.

७ जुलै १९४८ रोजी, बेचाळिसाव्या वाढदिवशी, क्लीव्हलँड इंडियन्सचे मालक बिल वीक यांनी पेजशी करार केला. दोन दिवसांनी तो मैदानात उतरला, रिलीफ पिचर म्हणूनच. बेसबॉलच्या एका वजनदार साप्ताहिकाच्या संपादकांनी ही खेळाची अप्रतिष्ठा असल्याचे लिहिले. पेज गोरा असता तर या वयात त्याला कुणी विचारलेही नसते, असाही त्यांचा युक्तिवाद होता. गोरा असता तर तो पंचविसाव्या वर्षीच आत असता, हे संपादकांना सुचले नाही! उत्तर पेजच्या हाताने दिले. त्या मोसमात सहा विजय, एक पराभव. २० ऑगस्टच्या सामन्याला ७८,३८२ प्रेक्षक. वर्ल्ड सिरीजमध्ये पिचिंग करणारा तो पहिला कृष्णवर्णीय ठरला, पण त्याला जेमतेम दोन फलंदाज बाद करण्याइतका वेळ मिळाला, आणि तो कमीपणा त्याला लागला.

१९५१ ते १९५३ तो सेंट लुईस ब्राउन्समध्ये होता. हा संघ तळाला रेंगाळणारा, पण रिलीफ पिचर पेजची खरी कारकीर्द इथलीच. वीक यांनी त्याच्यासाठी बुलपेनमध्ये झुलती खुर्ची ठेवली. लोक हसत, पेजही हसे. १९५२ साली, ४६ व्या वर्षी, तो ४६ सामन्यांत खेळला, त्यातले फक्त सहा सुरुवातीपासून. बारा सामने जिंकले, दहा वाचवले. पुढे खालच्या लीगमध्ये मायामी येथे तो खेळत राहिला. २५ सप्टेंबर १९६५ रोजी कॅन्सस सिटी अॅथलेटिक्सने ५९ वर्षांच्या पेजला बॉस्टनविरुद्ध उतरवले. गंमत म्हणून शेजारी नर्स बसवली होती. त्याने तीन डाव टाकले, एकच फटका दिला, धाव एकही नाही.

मेजर लीगच्या पेन्शनीला पाच वर्षांची सेवा लागत असे. चार दशके चेंडू फेकणाऱ्या या माणसाला १५८ दिवस कमी पडत होते! निग्रो लीगची वर्षे हिशेबात नव्हती. ज्यांनी दार बंद ठेवले त्यांनीच आत किती दिवस होतास असे विचारायचे, असा हा न्याय. त्याने अनेक क्लबांकडे काम मागितले. अखेर ऑगस्ट १९६८ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जने त्याला सल्लागार म्हणून नेमले आणि दिवस भरले.

हॉल ऑफ फेममध्ये तर दहा वर्षांची अट. १९६६ मध्ये गोरा खेळाडू टेड विल्यम्स याने आपल्या सन्मानाच्या भाषणात पेज व गिब्सन यांचे नाव घेतल्यावर हालचाल झाली. १९७१ साली पेजची निवड झाली, मात्र निग्रो लीगवाल्यांसाठी वेगळे दालन ठेवण्याचे जाहीर झाले. म्हणजे सन्मानातही वेगळी पंगत! देशभर ओरड झाली, जुलैमध्ये निर्णय फिरवावा लागला आणि ९ ऑगस्ट रोजी पेज इतरांच्या बरोबरीने आत गेला.

५ जून १९८२ रोजी कॅन्सस सिटीतील एका स्टेडियमला त्याचे नाव देण्यात आले. आजारी पेज व्हीलचेअरवरून समारंभाला आला. ८ जूनला तो वारला. निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा असल्याचे मेजर लीगने डिसेंबर २०२० मध्ये मान्य केले, आणि तिथले आकडे अधिकृत नोंदींत जमा झाले ते २०२४ साली.