रॉबर्ट हुकचा सांधा

विद्यार्थ्यांना रॉबर्ट हुक स्प्रिंगच्या नियमापुरता ठाऊक असतो. मला तो चारही चाकांना गती देणाऱ्या ट्रकखाली भेटतो. १६३५ साली आइल ऑफ वाइट बेटावर जन्मलेला हुक १६६२ पासून रॉयल सोसायटीत प्रयोग करून दाखवी. १६७६ साली त्याने कोनातून गती पोचवणाऱ्या सांध्याचे वर्णन प्रसिद्ध केले. मात्र एकाच सांध्याने दर फेऱ्यात दोनदा वेग कमीजास्त होतो. यावर १६८३ साली त्याने दोन सांधे जोडण्याचा उपाय सुचवला. ट्रक उंच केला की पुढच्या शाफ्टचा कोन वाढतो, तेव्हा ट्रान्सफर केसपाशी आजही असाच जोडसांधा बसवतात. १७०३ साली हुक निवर्तला. त्याचे एकही खात्रीचे चित्र उरलेले नाही. माझ्या मते, फिरता सांधा हेच त्याचे खरे स्मारक.