लाज दोनदा येते त्या अभंगात



आजच्या वाचनात तुकोबारायांचा तो अभंग आला, ज्यात ते स्वतःची हकीकत सांगतात. आम्हा अकलूजकरांना तुकोबा म्हणजे पालखी. सराटीला नीरेत पादुकांचं स्नान होतं, पालखी गावात येते, गोल रिंगण लागतं. लहानपणापासून बघतोय. पण ज्याच्या पादुकांसाठी एवढी गर्दी लोटते तो माणूस एकेकाळी शरमेने खचला होता, इकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

जन्म 1608 चा, देहूत. घरी महाजनकी, दुकान, सावकारी. म्हणजे गावात वजन असलेलं घर. साधारण 17 व्या वर्षी आई-वडील गेले. वहिनी वारली आणि थोरले सावजी तीर्थाटनाला निघून गेले. मग 1630 चा दुष्काळ. पैसा गेला, मान गेला, पहिली बायको अन्न अन्न करत गेली. धंद्याचं दिवाळं निघालं. याच ठिकाणी ते सरळ कबूल करतात की जिवाला लाज वाटू लागली.

मागच्या महिन्यात चालू कॉलवर सगळ्यांसमोर माझा डेमो कोसळला. दोन दिवस कॅमेरा बंद ठेवून बसलो होतो! त्यांच्या दुःखापुढे हे काहीच नाही, माहितीये. पण कान गरम होतात ते सारखेच असणार.

तुकोबांनी मग काय केलं? घराण्याचं पांडुरंगाचं देऊळ पडलं होतं, ते उभं करायला घेतलं. एकादशीला कीर्तन सुरू केलं, तेही अभ्यास नसताना. आधी संतांची काही वचनं पाठ केली. दुसरे पुढे गात, हे मागे धृपद धरत. कालपर्यंत सावकारी करणारा माणूस लोकांच्या मागे उभा राहून साथ करतोय, गाव बघतंय. संतांच्या पायाचं तीर्थ घेतानाही मनात लाज येऊ दिली नाही, असं ते म्हणतात. म्हणजे एकाच अभंगात लाज दोनदा येते. पहिल्यांदा ती त्यांना गाठते, दुसऱ्यांदा ते तिला दारातच थांबवतात.

आणि नंतर सगळं सुरळीत झालं असंही नाही. कवित्वाला विरोध झाला, वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तेव्हा मन दुखावलं, हेसुद्धा ते लपवत नाहीत. मला तर हेच सगळ्यात भावलं. ही हकीकत सांगू नये असं त्यांना वाटत होतं, पण संतांनी विचारलं म्हणून दिवाळ्यासकट सगळी सांगितली.

1685 मध्ये त्यांचे चिरंजीव नारायण महाराजांनी पालखी सुरू केली. यंदा रिंगणात मी घोड्याकडे कमी आणि टाळकऱ्यांच्या शेवटच्या रांगेकडे जास्त बघणार आहे. तिथे नवखे असतात. पुढच्यांचे ओठ बघत धृपद धरतात, मध्येच चुकतात, पुन्हा धरतात.

उद्या अकराला कॉल आहे. कॅमेरा चालू ठेवतो.