राजाचा उजवा खांदा

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड गादीवर बसला जेमतेम दोन वर्षे, पण बदनाम राहिला पाचशे वर्षे. शेक्सपिअरने त्याच्या पाठीवर कुबड चढवले, एक हात वाळवला, पाय लंगडा केला. शरीर वाकडे तर मनही वाकडेच, असा तो हिशेब होता. आपल्यालाही तो परका नाही. कैकेयीचे कान फुंकणारी मंथरा आपल्या कथेत कुबडीच असते.

२०१२ साली लेस्टर शहरात, मोटारी उभ्या करण्याच्या एका जागेखाली या राजाचा सांगाडा सापडला. त्याच्या बहिणीच्या वंशजांशी डीएनए जुळला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये ओळख जाहीर झाली. मी अस्थिरोगतज्ज्ञ. सांगाड्याचे छायाचित्र पाहताना साऱ्यांचे लक्ष कवटीवरच्या जखमांकडे जात होते, माझे गेले ते मणक्यांकडे. कुबड कुठेच नव्हते. कुबडात कणा पुढे वाकतो. इथे तो उजव्या बाजूला कमानीसारखा वळलेला आणि वळता वळता पिळलेला होता. याला स्कोलिओसिस म्हणतात. २०१४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे माप प्रसिद्ध झाले : ६५ ते ८५ अंश. आज वाढत्या वयातल्या मुलाचा बाक ५० अंशांवर गेला, तर आम्ही शस्त्रक्रियेचा विषय काढतो. हात आणि पाय मात्र धडधाकट होते.

रिचर्ड २ ऑक्टोबर १४५२ रोजी फॉदरिंगे किल्ल्यात जन्मला. आठव्या वर्षी वडील आणि एक थोरला भाऊ लढाईत मारले गेले. पुढे यॉर्कशायरमधल्या मिडलहॅम किल्ल्यात त्याचे युद्धशिक्षण झाले. कणा वळू लागला तो बहुधा दहाव्या वर्षानंतर, म्हणजे तलवार आणि घोडा शिकण्याच्याच वयात. तरीही १४७१ साली, अठरा वर्षांचा असताना, बार्नेट आणि ट्यूक्सबरीच्या लढायांत त्याने सैन्याची एकेक तुकडी चालवली. नंतर दहाएक वर्षे भावासाठी उत्तर इंग्लंड सांभाळले. १४८३ मध्ये भाऊ वारला, बारा वर्षांचा पुतण्या राजा झाला आणि काकाने त्याला बाजूला सारून मुकुट घेतला. दोघे पुतणे लंडनच्या टॉवरमध्ये गेले ते पुन्हा दिसलेच नाहीत. हा डाग मी पुसू पाहत नाही. त्याचे खापर पाठीच्या कण्यावर फोडू नये, इतकेच.

राजाची ही व्यथा दरबारात कितीजणांना दिसत असेल? फार थोड्यांना, असे संशोधकांना वाटते. बाक समतोल होता, मान सरळ होती. उजवा खांदा वर आणि धड आखूड. चांगला शिंपी आणि मापाचे चिलखत यांनी तेवढे झाकले जाई. आमच्याकडेही मुलीचा एक खांदा वर आहे हे आईच्या आधी शिंप्याच्या लक्षात येते. पुढच्या काळात उलट कारभार झाला. विंडसरच्या राजसंग्रहातल्या त्याच्या चित्रात खांदा मागाहून रंग चढवून उंच केल्याचे क्ष-किरणांनी दाखवले.

हा माणूस साठी-सत्तरी गाठता तर काय झाले असते? आयोवा विद्यापीठाने पौगंडावस्थेतल्या अशा रुग्णांचा, उपचार न घेता, पन्नास वर्षे मागोवा घेतला. २००३ साली आलेल्या त्या अभ्यासात ११७ रुग्ण होते, सरासरी वय ६६. त्यांचे आयुर्मान इतरांपेक्षा कमी नव्हते. पाठदुखी मात्र अधिक : रुग्णांत ६१ टक्के, इतरांत ३५. दुखणाऱ्यांपैकी बहुतेकांचे दुखणे सौम्य किंवा मध्यम होते आणि ती माणसे नोकरी-संसार करत होती. बाक ८० अंशांपुढे गेला की धाप लागण्याचा धोका वाढे. तान्हेपणी सुरू होणारा बाक वेगळा, तो फुप्फुसांना जास्त छळतो. शिवाय ५० अंशांपुढचा छातीच्या भागातला बाक वाढ थांबल्यावरही वर्षाला सुमारे एक अंश पुढे सरकत राहू शकतो. रिचर्ड या उंबरठ्यावरच होता. पन्नाशीत त्याला जिना चढताना दम लागला असता, असे मला वाटते. मुलीला असा बाक निघाला की घरचे आधी तिच्या लग्नाची चिंता करतात. मी त्यांना अंश विचारतो.

पन्नाशी आलीच नाही. २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या रणात त्याने हेन्री ट्यूडरवर थेट घोडा घातला, त्याच्या निशाणवाल्याला पाडले आणि मग तो घेरला गेला. कवटीवरच नऊ घाव मोजले गेले. वय बत्तीस. प्रेत उघडेच घोड्यावर टाकून लेस्टरला आणले आणि घाईत खणलेल्या खड्ड्यात पुरले. खड्डा इतका आखूड, की डोके वर टेकवावे लागले.

मार्च २०१५ मध्ये लेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये त्याचे रीतसर दफन झाले. ओकच्या लाकडाची शवपेटी ज्याने बनवली, तो सुतारकाम करणारा गृहस्थ राजाच्या बहिणीचाच वंशज होता.