आगमनकाळ आणि फादर स्टीफन्स



आगमनकाळ लागला की मला फादर थॉमस स्टीफन्स आठवतात. १५४९ साली इंग्लंडात जन्मलेले हे येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये इथल्याच मातीत विसावले. साष्टीच्या लोकांत राहून ते मराठी-कोकणी शिकले. जुनी पुराणं सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांनी वाचायला काहीतरी मागितलं, तेव्हा त्यांनी ज्ञानेश्वरीप्रमाणे ओवीच निवडली. सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापलं गेलं.

त्यातलं पहिलं पुराण जुन्या कराराचं. आदाम, अब्राहाम, मोशे, दावीद, संदेष्टे. सगळे तारणाऱ्याची वाट पाहणारे. बाळ येशूचा जन्म दुसऱ्या पुराणात! गोठ्यापर्यंत पोचायला हजारो ओव्या धीर धरावा लागतो. फादरांनी ही वाट काही गाळली नाही.

आपण मात्र डिसेंबर उजाडला की तारा टांगतो, करंज्या तळतो, नि नाताळ आधीच उरकून टाकतो. निदान हे चार आठवडे थांबू या. पापनिवेदन करू या, अबोला धरलेल्या भावाच्या दारी जाऊ या. वाट पाहिलीच नाही, तर आलेला ओळखू कसा येणार?

— एक निवृत्त शिक्षक, बेळगाव